लेखकाला नको, पत्रकाला परीक्षेला बसवा

कपाशीवरची पहिली फवारणी तोंडावर आली आहे. तुमच्या घरात, शेतात किंवा ओळखीत कुणी पाठीवर पंप घेणार असेल तर त्याआधी एवढं करा. कीटकनाशकाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेलं पत्रक बाहेर काढा आणि जो माणूस प्रत्यक्ष फवारणार आहे त्याला मोठ्यानं वाचून दाखवा. वाचून झालं की तीनच प्रश्न विचारा. एका पंपाला किती औषध घालायचं? वारा सुटला तर काय करायचं? मळमळायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर सगळ्यात आधी काय करायचं? जी उत्तरं मिळतील ती कागदावर लिहून ठेवा. चुकीची असली तर आवर्जून लिहून ठेवा. त्या कागदाचं काय करायचं ते पुढे सांगतो.

मी शेतकरी नाही. पोटापाण्यासाठी तांत्रिक लेखन करतो, म्हणजे यंत्र, उपकरण, सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते लिहितो. पुण्यात हिंजवडी-बाणेर-खराडीच्या काचेच्या इमारतींत हे काम करणारे आम्ही पुष्कळ आहोत. लिहितो इंग्रजीत, आणि वाचणारा बहुतेक वेळा जर्मनीत नाहीतर अमेरिकेत असतो. आमच्यात एक वाद दर दोन-चार वर्षांनी उकरून काढला जातो: तांत्रिक लेखकाला व्यावसायिक प्रमाणपत्र सक्तीचं करावं का? डॉक्टरला नोंदणी लागते, वास्तुविशारदाला लागते, औषधाच्या दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो. मग ज्याचं एक वाक्य चुकलं तर माणूस दगावू शकतो, त्याला काहीच कसं लागत नाही? हा वाद आमच्या कॅन्टीनपुरता राहिला असता तर मी तुमचा वेळ घेतला नसता. पण माहितीपत्रकांमुळे माणसं मरतात असं ज्या ज्या वेळी निदर्शनाला येतं, त्या वेळी हाच उपाय पुढे केला जातो, आणि माझ्या मते तो चुकीच्या माणसाला परीक्षेला बसवतो.

२०१७चा पावसाळा आठवा. यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारे शेतकरी आणि मजूर एकामागून एक दवाखान्यात येऊ लागले. कुणाला उलट्या, कुणाला धाप, कुणाला दिसेनासं झालेलं. ऑक्टोबरपर्यंत एकट्या त्या जिल्ह्यात वीसजण गेल्याचं समोर आलं होतं, आणि शेकडो लोकांना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणि इतर ठिकाणी दाखल करावं लागलं होतं. विशेष तपास पथक नेमलं गेलं. कारण एकच नव्हतं. कपाशी त्या वर्षी माणसाच्या डोक्यावर गेली होती, त्यामुळे नळी वर धरून फवारावं लागे आणि तो फवारा अंगावरच उतरे. बोंडअळीच्या धास्तीनं फवारण्या वाढल्या होत्या. दोन-तीन औषधं एकत्र करून मारली जात होती. दमट उकाड्यात अंगभर जाड कपडे, हातमोजे, चष्मा, मास्क घालून दिवसभर राबायला सांगणाऱ्यानं आधी स्वतः तासभर तसं राबून दाखवावं.

पण त्या गदारोळात एक सूर फार लवकर निघाला आणि अजूनही निघतो: पत्रकात सगळं लिहिलेलं होतं, यांनी वाचलंच नाही. माझा आक्षेप या वाक्याला आहे.

पत्रक असतं हे खरं. १९६८चा कीटकनाशक कायदा आणि १९७१चे नियम यांनी ते बंधनकारक केलं आहे. प्रत्येक वेष्टनात पत्रक हवं, त्यात कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, किती मात्रा, काय खबरदारी, विषबाधेची लक्षणं काय, उतारा काय, रिकामा डबा कसा नष्ट करायचा, हे सगळं हवं. हिंदी-इंग्रजीबरोबर त्या भागातल्या भाषेतही हवं. डब्यावर तिरपा चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्यात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग, वरच्या अर्ध्यात इशारा. सगळ्यात जहाल विषाला लाल, त्यावर कवटी आणि दोन हाडं. मजकूर फरिदाबादच्या केंद्रीय नोंदणी समितीकडून मंजूर होतो. कागदोपत्री यात कुठे फट नाही. फक्त एक गोष्ट कुणी विचारत नाही, की हे वाचून फवारणाऱ्याला काय कळलं? हिरव्या चौकोनाचा अर्थ ‘हे बिनधास्त मारा’ असा घेणारे मला भेटले आहेत, आणि त्यांत पदवीधरही होते.

गेल्या वर्षी पांढरकवड्याच्या बाजूला एका स्नेह्यांच्या ओसरीवर आम्ही असं एक पत्रक उलगडलं. पातळ कागद, घडीवर घडी. पूर्ण उघडल्यावर वर्तमानपत्राच्या पानाएवढा झाला. पाच-सहा भाषा, त्यांत मराठीचा एक उभा पट्टा, अक्षरं मोहरीच्या दाण्याएवढी. स्नेह्यांचा मुलगा कृषी पदविकाधारक, तो चष्मा पुसून वाचू लागला. समोर त्यांच्याकडे फवारणीला येणारे दोघे भाऊ आणि त्यांची काकू बसली होती. काकूंचं काम पाणी आणायचं आणि औषध ढवळायचं. पत्रकातल्या खबरदारीच्या चित्रांत बाई कुठेच नव्हती, हे जाता जाता सांगतो.

मात्रेचा तक्ता आला. हेक्टरी सक्रिय घटक इतके ग्रॅम, औषध इतके मिलिलिटर, पाणी इतके लिटर. काकूंनी मध्येच थांबवलं.

“हेक्टर म्हंजे किती रे बाप्पा? आमी त पंपावर मोजतो. अन् औषध झाकनानं.”

हिशेब अवघड नाही. समजा हेक्टरी हजार मिली औषध आणि पाचशे लिटर पाणी लिहिलं असेल, तर लिटरला दोन मिली, म्हणजे पंधरा लिटरच्या पंपाला तीस मिली. तुम्ही-मी कागद-पेन घेऊन अर्ध्या मिनिटात काढू. पण उन्हात, बांधावर, औषधाचा वास नाकात जात असताना, आणि समोरच्या बाटलीच्या झाकणावर ते किती मिलीचं आहे हे लिहिलेलंच नसताना? त्यातून पॉवर पंप असला तर गणितच बदलतं. पॉवर पंपाला एकरी पाणी कमी लागतं, म्हणून तेवढ्याच पाण्यात औषध जास्त घालावं लागतं. कृषी अधिकारी हे तोंडी सांगतात. आमच्या हातातल्या पत्रकात त्याबद्दल चकार शब्द नव्हता. काकूंचा अंदाज होता दोन झाकणं. मुलाच्या हिशेबानं एक पुरे होतं. म्हणजे ज्या घरात कृषी पदविकाधारक राहतो, त्या घरच्या शेतावर दुप्पट विष चाललं होतं.

पुढे वाऱ्याबद्दलचं वाक्य आलं. साधारण असं होतं की, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेस फवारणी करणे टाळावे. व्याकरणात खोट काढायला जागा नाही. थोरला भाऊ म्हणाला, “मंग वारा पाठीवर घ्याचा?” धाकटा हसला. “पाठीवर घेतला त आपन फवारलेल्यातूनच पुढं जातो ना. वली पऱ्हाटी मांड्याइले लागते.” दोघांत पाच मिनिटं वाद झाला. वारा आडवा घ्यावा, फवारलेली बाजू वारा वाहत जातो त्या दिशेला सोडत सोडत कोरड्या तासात सरकत जावं, असं शेवटी त्यांचं त्यांनीच ठरवलं. योग्यच ठरवलं. पण हे पत्रकात नव्हतं. ते वाक्य ज्यानं लिहिलं त्याला हा प्रश्न पडलाच नसणार, कारण तो कधी ओल्या पऱ्हाटीतून चाललेला नाही.

आता त्या लेखकाकडे उत्तम प्रमाणपत्र होतं अशी कल्पना करा. काय बदललं असतं? वाक्य कदाचित कर्मणीऐवजी कर्तरी झालं असतं. शीर्षकं नीट आली असती, तक्त्याच्या रेघा जुळल्या असत्या. मी अशा परीक्षांचे अभ्यासक्रम पाहिले आहेत. त्यांत मांडणी, संपादन, वाचकाचं विश्लेषण, प्रकल्पाचं नियोजन असं सगळं असतं आणि ते शिकून कुणाचं नुकसान होत नाही. ज्यांना प्रमाणपत्र घ्यायचं त्यांनी खुशाल घ्यावं. नोकरीत उपयोग होतो, पगारवाढीच्या वेळी दाखवता येतं. पण काकू झाकणानं मोजतात हे कुठल्याही परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतून कळणार नाही. ते काकूंना विचारूनच कळतं.

शिवाय प्रमाणपत्र देणार कोण? अमेरिकेत १९५३ पासून चालत आलेली सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन ही या धंद्यातली सर्वांत मोठ्या नावाची संस्था. तिनं व्यावसायिक प्रमाणपत्र सुरू केलं, लोकांनी पैसे भरून घेतलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये संस्थाच दिवाळखोरीत जाऊन बंद पडली. तिकडे सॉफ्टवेअर अभियंत्यांसाठी सरकारमान्य परवान्याची परीक्षा काढली होती. बसायला माणसंच मिळेनात म्हणून २०१९ मध्ये ती गुंडाळली. आणि आपल्याकडचा अनुभव तर अगदी याच औषधांच्या दुकानातला आहे. २०१५ मध्ये केंद्रानं नियम बदलला आणि कीटकनाशक विक्रेत्याला शेतकी किंवा विज्ञानाची पदवी हवी असं ठरवलं. जुन्या दुकानदारांची ओरड झाली. मुदतवाढी मिळत गेल्या, मग काही आठवड्यांच्या अभ्यासक्रमाची पळवाट निघाली. हेतू चांगलाच होता आणि काही दुकानदार त्यातून खरोखर शिकले. पण आज तालुक्याच्या कृषी केंद्रात जाऊन पाहा. प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत गणपतीशेजारी टांगलेलं असतं आणि काउंटरवर पुतण्या उभा असतो.

माझी खरी भीती निराळी आहे. लेखकाला परवाना दिला की जबाबदारी टांगायला एक सोयीची खुंटी मिळते. कारखान्यात पत्रक एकटा लेखक लिहीत नाही. मात्रा संशोधन विभाग ठरवतो, इशाऱ्यांची भाषा कायदा विभाग घोटून देतो, छपाईवाला खर्च वाचवण्यासाठी अक्षर लहान करतो, आणि मराठी भाषांतर दर शब्दामागे सर्वांत कमी पैसे मागणाऱ्याकडे जातं. आता तर तेही यंत्र करतं आणि कुणी तरी घाईत नजर फिरवतं. या साखळीत लेखकाचं ऐकून घेणारं कुणी नसतं. प्रमाणपत्र असलं तरी नसणारच.

बोइंगच्या ७३७ मॅक्स विमानांचं उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात लायन एअरचं विमान समुद्रात कोसळलं, १८९ माणसं गेली. मार्च २०१९ मध्ये इथिओपियन एअरलाइन्सचं पडलं, १५७ गेली. विमानाचं नाक आपोआप खाली दाबणाऱ्या एमकॅस नावाच्या प्रणालीचं वर्णन वैमानिकांच्या माहितीपुस्तिकेत पहिल्या अपघातापर्यंत नव्हतंच. जगात सर्वांत काटेकोर तांत्रिक लेखन कुठे होत असेल तर विमानांच्या पुस्तिकांत होतं. त्यांच्यासाठी इंग्रजीचीच एक आखून दिलेली, सोपी केलेली आवृत्ती आहे. कृतीच्या वाक्यात वीसच्या वर शब्द घालायचे नाहीत, एका वाक्यात एकच सूचना, आणि शब्दही ठरलेल्या यादीतलेच. एवढी शिस्त असूनही जे पान असायला हवं होतं ते नव्हतं. पान नसण्याचं कारण कुठल्याही लेखकाचं अज्ञान नव्हतं. वैमानिकांना नव्यानं खर्चीक प्रशिक्षण द्यावं लागू नये, म्हणून वरच्या मजल्यावर घेतलेले निर्णय त्यामागे होते. तिथे लेखकाचं प्रमाणपत्र तपासून काय हाती लागलं असतं?

मग काय करायचं? युरोपनं औषधांच्या बाबतीत याचं उत्तर वीस वर्षांपूर्वी शोधून ठेवलं आहे, आणि ते इतकं साधं आहे की आपण ते अजून उचललं नाही याचं नवल वाटतं. गोळ्यांच्या खोक्यात जे पत्रक असतं ते बाजारात जाण्याआधी सामान्य माणसांवर तपासून घ्यावं लागतं. २००४ मध्ये दुरुस्त झालेल्या युरोपीय निर्देशात तशी अट आहे. पद्धत अशी: जी माणसं ते औषध घेऊ शकतील अशी दहा माणसं बोलावतात, हातात पत्रक देतात आणि प्रश्न विचारतात. एक गोळी चुकली तर काय कराल? दारू घेतलेली चालेल का? माणसाला पत्रकात उत्तर सापडतं का आणि सापडलेलं तो आपल्या शब्दांत सांगू शकतो का, दोन्ही तपासतात. मजकूर सुधारतात, आणखी दहा माणसं बोलावतात. दहांतल्या नऊजणांना माहिती सापडली पाहिजे आणि सापडलेल्या दहांतल्या नऊजणांना ती कळली पाहिजे, अशी कसोटी आहे. वीसमधले सोळा पास झाले तर पत्रक पास. पत्रक कुणी लिहिलं, त्याच्याकडे पदवी आहे की नाही, याच्याशी त्या परीक्षेला देणंघेणं नाही. नापास होतं ते पत्रक.

वीस माणसं आणि दोन दुपारी. फवारणीच्या पत्रकाला याहून जास्त लागणार नाही. कंपनीनं एका औषधाच्या जाहिरातीवर, भिंती रंगवण्यावर, शेतकरी मेळाव्यातल्या टोप्यांवर जो खर्च केलेला असतो त्याच्या पासंगालाही हा खर्च पुरणार नाही.

एक अडचण मात्र आपली आपण ओळखायला हवी. युरोपातली परीक्षा वाचता येणाऱ्यांची असते. आपल्याकडे पंप ज्याच्या पाठीवर आहे त्याच्या हातात पत्रक बहुधा पडतच नाही. औषध मालक आणतो, खोकं घरी राहतं, भरलेला पंप तेवढा मजुराकडे येतो. म्हणून आपली परीक्षा वेगळी घ्यायला हवी: पत्रक वाचून दाखवायचं आणि ऐकणाऱ्याला विचारायचं. ऐकून कळत नसेल तर ते पत्रक नापास, अक्षर कितीही मोठं असो. आणि वाचून दाखवण्याजोगं लिहायचं तर वाक्यं छोटी लागतात, शब्द तोंडी रुळलेले लागतात. ‘परिधान’, ‘अवलंब’, ‘संपर्कात आल्यास’ हे शब्द ओसरीवर म्हणून पाहा, ऐकणाऱ्याचं लक्ष कुठे उडून जातं ते दिसेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले, मलाही आनंद झाला. त्या अभिजात भाषेतला सर्वांत निकडीचा गद्यप्रकार आज विषाच्या बाटलीबरोबर घडी होऊन फिरतो आहे. राज्य मराठी विकास संस्थेनं आणि विद्यापीठांच्या मराठी विभागांनी त्याच्याकडे एकदा पाहावं. विमानाच्या इंग्रजीसाठी झाली तशी सूचनांच्या मराठीची शिस्त आखायला बसावं. पीएचडीचे विषय संपत आल्याची तक्रार तरी मिटेल.

आता नेमकं कुणी काय करायचं.

तांत्रिक लेखक मित्रमैत्रिणींनो, तुम्ही रोज हेच करता. युझर टेस्टिंग, रिव्ह्यू, साइन-ऑफ हे शब्द तुमच्या तोंडी आहेत. या हंगामात एक शनिवार-रविवार काढा. तुमच्यापैकी निम्म्यांचं गाव विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात आहे. गावी जा, तिथल्या कृषी केंद्रात सर्वांत जास्त खपणारं औषध कोणतं ते विचारा, त्याचं पत्रक दहा जणांना वाचून दाखवा, आणि चुकीची उत्तरं जशीच्या तशी टिपून घ्या. फवारणाऱ्याची चूक म्हणून टिपू नका, पत्रकाची चूक म्हणून टिपा. नवं पत्रक स्वतः लिहून छापून वाटण्याचा मोह होईल, तो आवरा. मंजूर मजकुरापेक्षा वेगळा मजकूर बाटलीला चिकटवणं बेकायदा तर आहेच, आणि तुमच्याही वाक्यात ओली पऱ्हाटी राहून गेलेली असू शकते.

अकोला, परभणी, राहुरी आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठांना आणि जिल्ह्याजिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्रांना विनंती आहे की ही परीक्षा तुम्ही घ्या आणि निकाल जाहीर करा. औषधाची नोंदणी केंद्राच्या हातात आहे हे कबूल. पण मंजूर झालेलं पत्रक किती जणांना कळतं हे मोजायला फरिदाबादची परवानगी लागत नाही. पुण्याच्या कृषी आयुक्तालयानं सर्वाधिक विकल्या जाणाऱ्या दहा औषधांपासून सुरुवात केली तरी पुष्कळ झालं. ‘या पत्रकातली पंपाची मात्रा वीसमधल्या पाचजणांना सांगता आली’ अशी एक ओळ कंपनीच्या नावासकट वर्तमानपत्रात आली, की पुढच्या छपाईला अक्षर मोठं होतं की नाही बघाच.

केंद्राकडे मागायच्या गोष्टी थोड्या आहेत. नोंदणीच्या अर्जासोबत ऐकवून घेतलेल्या परीक्षेचा निकाल जोडणं सक्तीचं करा. मात्रा हेक्टरबरोबरच पंपावर द्या, साध्या आणि पॉवर पंपाची वेगवेगळी, आणि मोजायचं झाकण किती मिलीचं ते झाकणावरच उमटवा. पत्रकाच्या तळाशी मजकुराची जबाबदारी घेणाऱ्या अधिकाऱ्याचं पद छापा. लेखकाचं नाव नको, कारण निर्णय त्याचा नसतो. ज्याची सही चालते त्याचं पद छापा.

वकील मंडळींनी आणि ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांनी २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ८४ पुन्हा वाचावं. जुलै २०२० पासून तो कायदा लागू आहे. अपाय टाळण्यासाठी वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दलचे इशारे वस्तूसोबत दिले नसतील, तर उत्पादक उत्पादनदायित्वाच्या दाव्यात जबाबदार धरला जातो. आजवर कंपन्यांचा बचाव ‘छापलं होतं’ एवढ्यावर उभा आहे. यवतमाळच्या पीडितांपैकी काहींनी आपली कैफियत थेट स्वित्झर्लंडपर्यंत नेली, तिथल्या कंपनीनं जबाबदारी नाकारली. आपल्याकडच्या जिल्हा ग्राहक आयोगासमोर जर दहा गावांतल्या ओसऱ्यांवर लिहिलेली शंभर चुकीची उत्तरं ठेवली गेली, तर सूचना पुरेशा होत्या की नव्हत्या याचा पुरावा पहिल्यांदाच फवारणाऱ्याच्या बाजूनं उभा राहील. सुरुवातीला जो कागद लिहून ठेवायला सांगितला तो यासाठी. त्यावर तारीख, गाव, औषधाचं नाव आणि खोक्यावरचा बॅच नंबर लिहा. खरेदीची पावती त्याला टाचून ठेवा. दुकानदार कच्ची चिठ्ठी देत असेल तर पक्कं बिल मागा. कागदाची एक प्रत तालुका कृषी अधिकाऱ्याला देऊन पोच घ्या. फोनवर विचारायचं असेल तर किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१ आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ हे दोन्ही नंबर मोफत आहेत.

आणि पत्रकं सुधारायला जेवढा काळ जाईल तेवढा जाईल, पण या हंगामात कुणाला त्रास झालाच तर खोकं, बाटली आणि पत्रक पिशवीत घालून रुग्णाबरोबर दवाखान्यात न्या. डॉक्टरला औषधाचं रासायनिक नाव कळलं पाहिजे. काही विषांवर अ‍ॅट्रोपिन चालतं, काहींना नेमका उतारा नाही आणि नुसती लक्षणांवर इलाजाची धडपड करावी लागते. अंगावरचे भिजलेले कपडे आधी काढा, अंग साबण-पाण्यानं धुवा, मग गाडीत घाला. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका. हे मजुरांनाही सांगून ठेवा, कारण मालक शेतावर असेलच असं नाही.

फवारणीचा जोर ऑगस्ट ते ऑक्टोबर असतो आणि त्यातच १५ ऑगस्टची ग्रामसभा येते. तिथे हा ठराव मांडा, वाटल्यास शब्द बदलून घ्या: “आमच्या गावात विकल्या जाणाऱ्या कीटकनाशकांची माहितीपत्रकं गावातल्या फवारणी करणाऱ्या स्त्री-पुरुषांना वाचून दाखवली. इतक्या जणांपैकी इतक्यांना एका पंपाची मात्रा सांगता आली, इतक्यांना आली नाही. ज्या पत्रकांतून ती कळत नाही त्यांची यादी सोबत जोडली आहे. ती पत्रकं बदलून मिळावीत.” आकडे भरा, यादी जोडा, सह्या आणि अंगठे घ्या, आणि ठरावाची नक्कल जिल्हाधिकारी व जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी यांच्याकडे ऑगस्ट संपायच्या आत पोचती करा.